पाचवा बर्थ

मी माझ्या थोरल्या जाऊबाईंना सांगितलं की गाडीत झोपायला चारच बर्थ आहेत, पासिंगही चारचंच आहे, आणि पाचवं माणूस बसवलं तर रस्त्यात पोलीस पावती फाडतात. बर्थ पाच होते. पासिंगही पाचचंच होतं. इथवर हे नुसतं खोटं झालं, आणि खोटं कोण बोलत नाही? मूर्खपणा पुढेच आहे. एवढं बोलून झाल्यावर मीच मुलाला फोन करून गळ घातली, की गाडी परस्पर हमरस्त्यावरून नेऊ नकोस, आधी आपल्या अंगणात आण, सगळ्या आळीला दिसू दे. म्हणजे चोरी करायची आणि मुद्देमाल वाजतगाजत मालकाच्याच दारात आणून उभा करायचा. इतकी हुशार चोर आमच्या देवळाली प्रवऱ्यात दुसरी झाली नसेल.

तेव्हा मी अठ्ठावन्नची पोर होते. शाळेतून नुकतीच मोकळी झालेली, हातात नवा मोबाईल, गळ्यात चष्म्याची साखळी, आणि आपल्याला जगातलं सगळं कळतं असा चेहरा. तो चेहरा आता फोटोत बघितला की मला त्याला एक टपली मारावीशी वाटते.

घरात आम्ही तिघं. हे, मी आणि जाऊबाई. थोरले दीर जाऊन बरीच वर्षं झाली, त्यांची लेक मिरजगावकडं दिलेली, तिच्या संसारात गुंतलेली. ऊस एकत्र, गोठा एकत्र, चूल एकत्र. मी मास्तरीण. सकाळी डबा घेऊन बाहेर पडायची ती दिवस कलताना परत. माझ्या पोराला पहिला घास कुणी भरवला, त्याचं पहिलं पाऊल कुणी बघितलं हे मला विचारू नका. मी तेव्हा दुसऱ्यांच्या पोरांकडून पाढे म्हणवून घेत होते. तो जाऊबाईंना मोठ्याई म्हणतो, मला नुसतीच आई. पुण्याहून फोन आला की "आई, कशी आहेस?" म्हणायचा, आणि मी उत्तर देते न देते तोवर, "मोठ्याई कुठंय? दे तिला." मग पुढचा सगळा वेळ मोबाईल त्यांच्या कानाला आणि मी शेजारी भाजी निवडत. अलीकडचं तेवढं मला ऐकू यायचं. "व्हय रे." "जेवलास का?" "येवढं काम नगं करत जाऊ." आणि मग दोघं हसायची. कशाला हसली ते मला कधी कळायचं नाही.

तर त्या वर्षी उन्हाळ्याच्या तोंडाला त्याचा फोन आला. "आई, मे महिन्याच्या शेवटी भंडारदऱ्याला जाऊ. झाडांवर काजवे असतात. हॉटेल नको, कॅम्पर घेतो भाड्याने. गाडीतच ओटा, गाडीतच फ्रीज, गाडीतच बिछाने, गाडीतच संडास. तळ्याच्या काठाला लावायची आणि राहायचं."

यांना सांगितलं तर हे म्हणाले, "म्हणजे घर सोडून निघायचं, ते घरातच जाऊन झोपायला. मग हे घर काय वाईट आहे?" गाईंचं कारण काढून ते मोकळे झाले. गाई त्यांना फार उपयोगी पडतात, लग्नकार्य टाळायलाही.

मला मात्र चेव चढला. मोबाईलवर ग्रुप काढला. मुलगा, सून, नात आणि मी. ॲडमिन मीच. जन्मात पहिल्यांदा कसली तरी ॲडमिन झाले, तर दिवसाला इतके निरोप धाडायला लागले की सुनेने ग्रुप मुका करून ठेवला होता, हे मला पुढे नातीनं सांगितलं. माझे निरोप असे: लोखंडी तवा मी आणते. खलबत्ता मी आणते. दोन गोधड्या जास्तीच्या. पाटा आणू का? सून बिचारी उत्तर द्यायची, "आई, गाडीत मिक्सर आहे." मी लिहायची, "मिक्सरच्या चटणीला चव नसते." ती लिहायची, "गाडीला वजनाची मर्यादा आहे." मी लिहायची, "मग तुमच्या बॅगा कमी करा."

ठरवायचं तरी किती! अकोले तालुक्यात धरणाच्या पाण्याच्या काठावर एका शेतकऱ्याची भाताची खाचरं होती. उन्हाळ्यात ती मोकळीच, तिथं तो गाड्या लावू देतो, वायरीने वीजही देतो, हे मुलाने शोधलं. टाकीतलं पाणी किती पुरेल, याचा हिशेब सुनेकडे. संडास कुणी कसा वापरायचा याचे नियमही तिच्याकडेच, आणि ते वाचून मी ठरवलं की आपण आपलं लोटा घेऊन लांब जाऊ. नातीकडे काजव्यांचं खातं. तिने मला फोनवर बजावलं, "आज्जी, काजव्यांवर टॉर्च मारायचा नाही. ते एकमेकांना बोलवत असतात. उजेड पडला की त्यांची लग्नं मोडतात."

आणि मग मुलाने ग्रुपवर गाडीच्या आतला फोटो टाकला, खाली लिहिलं, "खिडकीपाशी खालचा बर्थ मोठ्याईचा. तिला वर चढायला नको. आई, तिला विचारून ठेव."

तो निरोप मी वाचला तेव्हा जाऊबाई समोरच बसल्या होत्या, शेंगा फोडत. त्यांच्याकडे साधा बटणांचा फोन. त्यांना त्या ग्रुपातलं काहीच माहीत नव्हतं.

इथं मला एक गोष्ट सांगितलीच पाहिजे, नाहीतर पुढचं सगळं नुसतं जावाजावांचं भांडण वाटेल. त्याच्या आदल्या हिवाळ्यात मी त्यांना नगरला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं होतं. चालताना दाराची चौकट खांद्याला लागायची, ताटातली कडेची भाजी दिसायची नाही. डॉक्टर म्हणाले, काचबिंदू. गेली ती नजर परत येत नाही, उरली आहे ती औषधाने जेवढी टिकेल तेवढी टिकवायची. येताना एसटीत त्या खिडकीपाशी बसल्या होत्या. राहुरीच्या अलीकडे म्हणाल्या, "पायपातनं बगितल्यावानी दिसतंय आता. कडा समद्या गेल्या." मी काहीतरी समजुतीचं बोलले. त्यांनी ते ऐकलंच नाही. म्हणाल्या, "येक मातूर करायचं ऱ्हायलंय. धरन बगायचंय. जन्मभर त्येचं पानी उसाला पाजलं, पर त्येचं तोंड काय बगितलं न्हाई. डोळं हायती तवर येकदा ने मला."

आमचा सगळा ऊस त्या भंडारदऱ्याच्या पाण्यावर. तिथून सुटायचं, नदीने खाली यायचं, मग कालव्यात, कालव्यातून चारीत, आणि चारीतून आमच्या सरीत. पाण्याची पाळी आली की दीर गेल्यापासून जाऊबाईच फावडं घेऊन बांधावर. मी शाळेत, हे गोठ्यात नाहीतर कारखान्यावर. त्या पाण्यात उभं राहून त्यांच्या पायांच्या टाचा दगडासारख्या झालेल्या. मी एसटीत त्यांना "नेते की" म्हटलं. मनापासून म्हटलं होतं, खोटं नाही.

आणि आता ती वेळ आपल्या पायांनी दारात आली होती, तर मी काय विचार केला? हे लिहिताना आजही कान गरम होतात. मी विचार केला, दोन दिवस. पोरगं दोन दिवस माझ्या शेजारी असणार. त्या आल्या की तो त्यांच्याच बर्थच्या कडेला बसणार, त्यांचाच हात धरून काठावर नेणार, "मोठ्याई हे बघ, मोठ्याई ते बघ." आणि मी मागून खलबत्ता घेऊन चालणार.

म्हणून मी मुलाला लिहिलं, "विचारलं. नको म्हणतात. गुडघे धरलेत. फोनवर त्यांच्याकडे विषय काढू नकोस, वाईट वाटतं त्यांना."

जाऊबाईंचे गुडघे! अहो, त्या वयातही त्या उकिडव्या बसून भांडी घासत होत्या. गुडघे माझे दुखत होते. लबाडाला दुसऱ्याचं दुखणं काढायचं तर तेही आपल्याच घरातलं सुचतं.

आता दुसरी बाजू बंद करायची होती. त्यांच्या डोळ्यांत औषधाचे थेंब सकाळ-संध्याकाळ मीच घालायची. त्या खुर्चीत मान मागे टाकून बसायच्या, मी खालची पापणी ओढून थेंब सोडायची, आणि थेंब पडायच्या आधीच त्या पापणी मिटून घ्यायच्या, लहान पोरासारख्या. रोजचंच. "अहो जाऊबाई, उघडा की." "उगडलाय की गं, तूच येडीवाकडी धरतीस." त्या संध्याकाळी तशाच त्या मान टाकून बसलेल्या असताना मी बोलले. चार बर्थ, पासिंग, पोलीस, पावती. सगळं एका दमात. हातात बाटली, खाली त्यांचा उघडा डोळा, आणि मी त्या डोळ्यात बघून खोटं बोलले. थेंब नीट पडला. हात जराही हलला नाही माझा. याचाच मला पुढे धाक वाटला.

त्यांनी मान सरळ केली. औषध गालावर ओघळलं ते पदराने टिपलं. म्हणाल्या, "मंग ऱ्हाऊ दे. पोरगी ल्हान हाय, तिला बगू दे." थोड्या वेळाने म्हणाल्या, "खायला काय न्हेनार? तिकडं गाडीत कोन करीत बसनार? मी करून देते."

आणि पुढचे दिवस त्या राबल्या. धपाटे, शेंगदाण्याची चटणी, तिळाची चटणी, पोरासाठी गुळाच्या दशम्या, नातीसाठी शंकरपाळे. मी शेजारी बसून डबे पुसत होते आणि ग्रुपवर फोटो टाकत होते. "तयारी जोरात!" असं लिहिलं होतं मी खाली. हसतं तोंडही टाकलं होतं.

मग तो दिवस. मघाशी म्हटलं तसं, गाडी अंगणात आणायचा हट्ट माझाच. बाकीची लबाडी मत्सराची, पण ही निव्वळ मिरवायची हौस. गाडी आळीत शिरली तेव्हा पोरं मागे धावली. गाडी म्हणजे काय, पांढरीशुभ्र, टेम्पोच्या दुप्पट, बाजूला दार, दाराला पायरी. शेजारच्या भाभी नमाजाची ओढणी तशीच डोक्यावर घेऊन बघायला आल्या. आत डोकावल्या आणि बाहेर येऊन म्हणाल्या, "या अल्ला, चूल आणि संडास एकाच भिंतीला? मास्तरीणबाई, जेवताना तोंड कुणीकडे करायचं तेवढं ठरवून घ्या बरं." आळी हसली. मीही हसले. तेवढ्यात मागून मुलाचा आवाज आला, "मोठ्याई, ये ना, बघ तरी आतून." आणि त्याने त्यांना हाताला धरून पायरीवर चढवलं.

मला तेव्हा सुचलं, की आत बर्थ मोजता येतात. तोवर सुचलंच नव्हतं, एवढी मी शहाणी. मी घाईघाईने मागून चढले, पण आत जागा ती केवढी, सुनेच्या बॅगांत अडकले.

जाऊबाईंना कडेचं दिसत नव्हतं, म्हणून त्या हाताने बघत होत्या. गादीवरून हात फिरवायचा, पुढे जायचं. मागचे दोन बर्थ. वरचे दोन. मग खिडकीपाशी खालचा. त्या गादीवर त्यांचा हात थांबला. त्यावर कुणाचंच काही ठेवलेलं नव्हतं. नवी चादर, घडीसुद्धा मोडली नव्हती.

मुलगा म्हणाला, "हाच तुझा होता बघ. गुडघ्यांचं मला आधी का नाही सांगितलंस? पुण्याला डॉक्टरला दाखवलं असतं. मोठ्याई, अजून चल. मी उचलून चढवतो."

मी बॅगांतच अडकलेली. भाभींचं तोंड दारात, सून शेजारी, नात माझ्या हाताला धरून. जाऊबाईंनी मान वळवली. पाईपातून बघायची सवय लागलेली ती नजर आधी मुलावर गेली, मग शोधत शोधत माझ्यावर आली आणि थांबली. मला अगदी मधोमध धरलं त्यांनी.

मग त्या म्हणाल्या, "व्हय रे बाबा. लई धरल्यात गुडघं. बसलं की उठवत न्हाई." आणि गादीचा आधार घेऊन, दुखऱ्या गुडघ्याच्या बाईसारख्या हळूहळू वळल्या. पायरी उतरताना मुलाच्या खांद्यावर भार टाकून "आई गं" सुद्धा म्हणाल्या. मी इतकं चांगलं सोंग आयुष्यात बघितलं नाही. सोंग माझं, वठवलं त्यांनी.

त्या क्षणी बोलता आलं असतं. एक वाक्य पुरलं असतं, "मी खोटं बोलले, चला बसा." आळी चार दिवस हसली असती, पाचव्या दिवशी विसरली असती. मी काय केलं? मी म्हटलं, "चला, उशीर होतोय, ऊन चढेल."

त्यांनी खाण्याच्या पिशव्या आत दिल्या. ठेवायला जागा नव्हती म्हणून सुनेने त्या खिडकीपाशच्या बर्थवर ठेवल्या. दोन दिवस पाचव्या बर्थवर जाऊबाईंच्या दशम्या झोपल्या.

आता भंडारदरा. वाईट असतं तर बरं झालं असतं. गाडी बंद पडली असती, पाऊस आला असता, काजवे निघालेच नसते, तर मी देवाचा न्याय म्हणून समाधान मानलं असतं. पण सगळं इतकं देखणं की विचारू नका. डोंगरांनी कडं केलेलं आणि त्यात पाणी, सकाळी करडं, दुपारी हिरवट निळं, संध्याकाळी मधेच एक तांबडा पट्टा. उन्हाळ्याने ते खाली गेलेलं, काठाला लाल मातीच्या पायऱ्या पायऱ्या पडलेल्या. अंधार पडला तसे काजवे लागले. एक झाड पेटायचं, विझायचं, मग शेजारचं. नात कुजबुजत होती, "बोलवतायत बघ आज्जी, बोलवतायत." मला पाहिजे होतं ते सगळं मिळालं. पोरगं माझ्या शेजारी, खुर्चीला खुर्ची लावून. हातात दशमी.

दशमी खात तो म्हणाला, "मोठ्याईच्या हाताची." मग थोडं थांबून, "आई, ती मला गुडघ्यांचं कधीच कशी बोलली नाही?"

"तुला काळजी नको म्हणून," मी म्हटलं. हे तिसरं खोटं. एकदा घर बांधलं की त्याला खोल्या काढाव्याच लागतात.

दुसऱ्या दिवशी धरणाच्या भिंतीकडे गेलो तर खाली पाणी सोडलेलं. उन्हाळ्याचं आवर्तन. पांढरं फेसाळ पाणी गर्जत नदीत पडत होतं. सगळे फोटो काढत होते. मी कठड्याला धरून उभी राहिले आणि माझ्या डोक्यात भलताच हिशेब सुरू झाला. हे पाणी आता निघालं. वाटेत थांबेल, वळेल, पण आमच्या चारीला येणारच. आणि त्या तिथं फावडं घेऊन उभ्या असणार. मी फिरून, खाऊन, काजवे बघून घरी जाणार, आणि पाणी मात्र त्यांच्याकडे कामाला जाणार. मुलगा म्हणाला, "आई, हस की." त्या फोटोत मी हसले आहे. बघणाऱ्याला वाटतं, उन्हामुळे डोळे बारीक केलेत.

परत आलो. जाऊबाईंनी विचारलं, "झालं का बगून?" मी म्हटलं, "झालं." "पानी हाय का बरं?" "आहे." एवढंच. टोमणा नाही, अबोला नाही, आदळआपट नाही. संध्याकाळी खुर्चीत बसल्या, मान मागे टाकली. मी थेंब घातले. त्या दिवसापासून थेंब घालताना मी त्यांच्या कपाळाकडे बघायला लागले.

पाळी आली तेव्हा मला राहवेना. मी शेतात गेले. आयुष्यभर त्या चारीवरून सँडल हातात घेऊन उड्या मारत गेलेली मी, त्या दिवशी तशीच पाण्यात उतरले. त्या सरीचं तोंड फोडत होत्या. मी म्हटलं, "जाऊबाई, बर्थ पाच होते."

"ठावं हाय," त्या म्हणाल्या. "तितं चिखुल हाय, हिकडं सर."

"मी मुद्दाम केलं."

"त्येबी ठावं हाय. आंधळी झाले तरी येडी न्हाई झाले."

"मी मुलाला फोन करून खरं सांगते."

तेव्हा मात्र त्यांनी फावडं रोवलं. "न्हाई सांगायचं. आपली आय खोटारडी हाय, ह्ये त्येला कशापायी कळाया पायजे? त्येनं काय केलंय?" आणि माझ्या पायांकडे बघून म्हणाल्या, "पातळ वर धर. येवढं भारीतलं नेसून कुनी पाळीला येतं व्हय?"

मी पदराने डोळे पुसले आणि शपथ घेतली. पुढच्या वर्षी. हीच गाडी, खिडकीपाशचा बर्थ, मुलगा, काजवे, सगळं जसंच्या तसं. त्या "बरं" म्हणाल्या आणि पुढच्या सरीकडे गेल्या.

आता खरी अक्कल कशी गहाण पडते ते बघा. मी कामाला लागले. पुन्हा ग्रुप जागा केला, पुन्हा निरोप. पण पुढच्या उन्हाळ्यात सुनेचं ऑपरेशन निघालं. त्याच्या पुढच्या वर्षी मुलाची नोकरी बदलली, सुट्टी मिळेना. त्यानंतर अवकाळी असा कोसळला की रस्तेच खचले. दर वेळी मी जाऊबाईंना म्हणायची, "आता पुढच्या वर्षी नक्की, तीच गाडी मिळवते." आणि त्या म्हणायच्या, "बरं."

इकडे आमच्या नाक्यावरून संगमनेरला एसटी रोज जाते. संगमनेरहून अकोल्याला जाते. अकोल्याहून जीपवाले हाका मारून मारून माणसं भरतात. दोन म्हाताऱ्या पहाटे निघाल्या तर दुपारी पाण्याच्या काठावर. हे मला ठाऊक नव्हतं का? चांगलं ठाऊक होतं. पण मला माफीसुद्धा थाटात मागायची होती. पांढरी गाडी अंगणात यावी, आळी जमावी, आणि सगळ्यांच्या देखत मी त्यांना हाताला धरून पाचव्या बर्थवर बसवावं. त्यांचे डोळे मिटत चालले होते आणि मी गाडीची वाट बघत बसले होते. पहिलं पाप मत्सराचं होतं, ते मी कबूल केलं. हे दुसरं त्याहून मोठं, आणि ते करताना मी स्वतःला फार चांगली समजत होते.

गेल्या हिवाळ्यात एका सकाळी मी त्यांच्या डोळ्यांत थेंब घालायला बाटली धरली. त्या मान टाकून बसलेल्या. मी सवयीने म्हणणार होते, "अहो, उघडा की." पण त्या दिवशी नजर कपाळावरून खाली घसरली, तर पापणी मिटलीच नाही. बाटली डोळ्याच्या अगदी जवळ नेली, तरी डोळा तसाच शांत उघडा. थेंब पडला तेव्हा त्या दचकल्या.

"कधीपासून?" मी विचारलं.

"दिवाळीपास्नं उजेड तेवढा कळतुया," त्या म्हणाल्या. "तू गाडीच्या खटपटीत हुतीस, मंग काय सांगायचं."

दुसऱ्या दिवशी मी त्यांना एसटीत बसवलं. मुलाला विचारलं नाही, ग्रुपवर लिहिलं नाही. यांनी, "अगं पण आता…" एवढं म्हटलं आणि माझं तोंड बघून गोठ्याकडे वळले. संगमनेरला चहा घेतला. अकोल्याच्या जीपमध्ये आम्हाला मागे कोंबलं, माझ्या मांडीवर कुणाची तरी कोंबडी. जाऊबाई खुशीत होत्या. जीपवाल्याला विचारत होत्या, "हितं भात कसला हुतो रं? पानी कुटनं घेता?" तो पोरगा म्हणाला, "पाणी तुमच्याकडं जातं मावशी, आम्ही नुसतं बघतो." त्या मोठ्याने हसल्या. "आन आमी नुसतं वापरतो, बगितलं न्हाई कदी," असं म्हणाल्या. मी खिडकीबाहेर तोंड केलं.

काठावर पोचलो तेव्हा दुपार कलली होती. हिवाळ्याचं पाणी, काठोकाठ भरलेलं, डोंगर त्यात उलटे उभे. वारा नव्हता. आजूबाजूला कुणी नाही. मी त्यांचा हात धरून उतारावरून खाली नेलं. "दगड आहे… आता माती… आता ओलं आहे." पाणी पायाला लागलं तशा त्या थांबल्या. माझा हात सोडवून घेतला, लुगडं आवरलं, आणि उकिडव्या बसल्या. दोन्ही हात मनगटापर्यंत पाण्यात घातले. पंजा फिरवला, जसं सरीत पाणी नीट चढतंय का ते चाचपतात तसा. ओंजळ भरून तोंडावर मारली. जिभेने ओठ पुसले. तोंड पाण्याकडेच ठेवलं.

मी मागे उभी.  मनाशी वाक्यं जुळवत होते, माफीची, मास्तरणीच्या वळणाची, चांगली लांबलचक.

त्यांनी मान न वळवता विचारलं, "आपलंच पानी की गं ह्ये. यात येवढं बगन्यासारकं काय हुतं? सांग की."